दीड तासाचा चोर

१

पेशंटच्या वेळा मागेपुढे करून दवाखान्यातल्या रिसेप्शनवरच्या ज्ञानदाला काय मिळणार होतं, ते मी आधी मांडून पाहिलं. जमेला पेशंटच्या शिव्या, डॉक्टरांची आदळआपट आणि रोज घरी जायला तासभर उशीर. खर्ची नोकरी. वडील सिलतऱ्याच्या कारखान्यात पाळीवर, घरात दोन धाकटी भावंडं. असल्या घरातली शहाणी पोट्टी एवढा आतबट्ट्याचा उद्योग कशाला करील?

डॉक्टर श्यामकांत देवपुजारींची मात्र खात्री होती. मंगळवारी संध्याकाळी आम्ही सात पेशंट बाकांवर बसलेलो असताना ते केबिनबाहेर आले. मोबाइल छातीशी धरलेला, काच आतल्या बाजूला. सगळ्यांच्या देखत म्हणाले, "ज्ञानदा, वेळा कोण बदलतं ते शुक्रवारपर्यंत सांग. नाही सांगता आलं तर शनिवारपासून येऊ नकोस."

समता कॉलनीतला हा होमिओपॅथीचा दवाखाना. खाली दवाखाना, वर डॉक्टरांचं घर, आणि घरात डॉक्टर एकटे. गेल्या वर्षी त्यांची मुलगी ओवी मस्कतहून आली तेव्हा तिने कागदी रजिस्टर बंद केलं आणि मोबाइलमध्ये एक कॅलेंडर बसवून दिलं. डॉक्टरांनी वर बसून वेळ लिहिली की खाली ज्ञानदाच्या मोबाइलवर उमटायची, आणि तिने लिहिली की त्यांच्या. वर्षभर सुरळीत चाललं. दिवाळी झाली आणि गाडी रुळावरून उतरली. डॉक्टर म्हणत, मी पाचला बोलावलं. ज्ञानदाच्या मोबाइलवर साडेसहा. मध्ये पेशंट तणतणत.

मी विमला इंगोले. रायपूर स्टेशनच्या चौकशी खिडकीमागे एकतीस वर्षं बसले. गाडी कुठे पोचली हे विचारायला आलेला माणूस पुष्कळदा दुसरंच काही विचारत असतो, एवढं तिथे शिकले.

पेशंट पांगल्यावर मी ज्ञानदाजवळ गेले. ती टेबलाखाली तोंड घालून, चप्पल शोधल्याचं सोंग करून रडत होती.

"काहून रडून राहिली पोरी? तू केलं का?"

"नाही ना आजी! तुमची शप्पथ."

"माझी नको. मी अजून दोन-चार वर्षं जगीन म्हणते."

तिला हसू आलं. मग ती डोळे पुसून हळू आवाजात म्हणाली, "आजी, त्यांले पेशंटचा राग नाहीच आहे. काल मले म्हणे, बाकी सगळं सोड, गुरुवारले हात काहून लावला?"

"गुरुवारी काय असते?"

"तेच तर! गुरुवारी संध्याकाळी आपला दवाखाना बंद राहते."

२

आरोप तोंडी नव्हता. डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीवर रीतसर यादी करून दिली होती, अकरा ओळींची. 'मी लिहिले ५, हिच्याकडे ६.३०.' 'मी लिहिले ११, हिच्याकडे १२.३०.' अशा सात. पुढे तीन ओळी उलट्या: 'ही म्हणते ७ लिहिले, माझ्याकडे ५.३०.' आणि शेवटची, खाली दोन रेघा ओढलेली: 'गुरुवार. ९.३० चे ८ केले.'

चिठ्ठी पर्समध्ये घालून मी बुधवारी सकाळी दवाखान्यात गेले. गौतम पुड्या बांधत होता. बारा वर्षांपासूनचा कंपाउंडर, मागच्याच खोलीत राहणारा. ज्ञानदा गेली तर याला काय मिळणार, ते अख्ख्या कॉलनीला ठाऊक होतं. त्याला तिच्या खुर्चीवर आपली भाची पिंकी बसवायची होती.

"गौतम, पिंकीचं काय म्हणतात मग?"

"हव दीदी, बोला था साब को पिंकी के लिए," तो पुडीची घडी न मोडता म्हणाला. "उसमें चोरी क्या है? पर मोबाइल-फोबाइल मैं नहीं जानता." त्याने खिशातून बटणांचा फोन काढून माझ्यापुढे ठेवला. त्यात कॅलेंडर होतं, पण ते उघडायला देवाला खाली यावं लागलं असतं.

"गुरुवारी साहेब काय करतात रे?"

गौतमचा हात थांबला. "गुरुवार को साब अच्छी शर्ट पहनते हैं. मैं खाना लेके ऊपर जाता हूँ ना. पहले साढ़े नौ बजे बैठते थे मोबाइल लेके, हँसने की आवाज़ नीचे तक आती थी. दिवाली के बाद से आठ बजे बैठते हैं." तो पुन्हा पुडी बांधू लागला. "अब आवाज़ नहीं आती. नौ बजे बत्ती बंद."

मी केबिनमध्ये गेले. पाठदुखीचं निमित्त सांगितलं. पाठ या वयात कधीही मागितली तर दुखते. डॉक्टर चिठ्ठी लिहिता लिहिता मोबाइलवर बोटाने काहीतरी सरकवत होते.

"किती वाजले हो डॉक्टर? मले बँकेत जायचं आहे."

मोबाइल त्यांच्या डोळ्यांसमोर होता. तरी त्यांनी मान वळवली, मागच्या भिंतीवरचं घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "सव्वाअकरा."

तेव्हा मला ते नुसतं विचित्र वाटलं. बाहेर आले तर ज्ञानदा दारातच उभी.

"आजी, एक सांगायचं राहिलं. कॅलेंडरची चावी आणखी एकीजवळ आहे."

३

ती म्हणजे सोनिया वानखडे, ज्ञानदाच्या आधीची रिसेप्शनिस्ट. भांडून गेलेली. आता पंडरीत, कापडाच्या दुकानांच्या वर, एका दातांच्या दवाखान्यात बसते. मी जिना चढून गेले तेव्हा ती एका बाईला कवळीची तारीख देत होती. वानखड्यांची मुलगी, पण मराठीत विचारा, उत्तर हिंदीत.

"काय गं, ओळखलं का?"

"अरे आंटी! आप यहाँ? दाँत में कुछ है क्या?"

"दात ठीक आहेत. डोक्यात आहे. देवपुजारी डॉक्टरांचं कॅलेंडर तुझ्या मोबाइलमध्ये अजून दिसते म्हणे?"

तिने डोळे मिचकावले. "दिखता है. हटाया ही नहीं किसी ने. मैंने भी नहीं बताया." मग माझा चेहरा बघून म्हणाली, "आंटी, मैं क्यों करूँगी? हाँ, ज्ञानदा को वहाँ से निकाल दें तो अच्छा ही है, मैं उसे कल यहाँ बिठा लूँ. यहाँ हमारे सर को एक लड़की चाहिए. पर उसके लिए चोरी की क्या ज़रूरत? वो डॉक्टर खुद ही भगा देंगे. मुझे भगाया कि नहीं?"

फायदा आहे, संधी आहे, आणि दोन्ही तोंडाने कबूल. चौकशी खिडकीवर अशी माणसं दोन प्रकारची भेटत: अगदी निर्दोष, नाहीतर पक्की बनेल. मी चिठ्ठी काढली.

"दाखव मग. सोमवारचे पेशंट बोकडे. डॉक्टरांनी पाचला लिहिले."

"साढ़े छह."

"रविवारची निवेदिताबाई. अकरा."

"साढ़े बारह."

"ज्ञानदाने लिहिलेले सात वाजताचे?"

"सात."

अकराच्या अकरा ओळी विचारल्या. सोनियाचा मोबाइल प्रत्येक वेळी ज्ञानदासारखंच बोलला. शेवटी मी गुरुवार विचारला.

"गुरुवार रात साढ़े नौ, 'बाबा'. ये तो ओवी दीदी का डाला हुआ है, हर हफ्ते का. वहाँ जुम्मे की छुट्टी रहती है ना, तो गुरुवार को फुरसत." तिने मोबाइल खाली ठेवला. "इसे तो किसी ने छुआ भी नहीं आंटी."

डॉक्टर म्हणत होते आठ. हिच्याकडे, ज्ञानदाकडे साडेनऊ. मी जिना उतरले, आणि खाली साड्यांच्या गठ्ठ्यांमधून वाट काढताना जागीच उभी राहिले. मागून हमाल ओरडला तेव्हा कुठे हलले.

चोर नव्हताच. असू शकतच नव्हता.

४

घरी येऊन चिठ्ठी टेबलावर पसरली. माझ्या घरी टेबल मोठं आहे आणि खुर्च्या चार. तीन खुर्च्यांवर वर्तमानपत्रं बसतात.

पहिली गोष्ट. कॅलेंडर एकच आहे. एकाने बदललं की सगळीकडे बदलतं, त्यासाठीच तर ओवीने ते बसवलं. म्हणजे ज्ञानदाने पाचचे साडेसहा केले असते, तर डॉक्टरांच्या मोबाइलवरही साडेसहाच दिसले असते. पण त्यांच्याकडे पाच तसेच राहिले. तेव्हा कुणी काही खोडलं नाही की बदललं नाही. नोंद एकच, वाचणारे दोघं, आणि दोघांचं वाचन वेगळं.

दुसरी गोष्ट. फरक प्रत्येक वेळी दीड तासाचा. कधी पावणेदोन नाही, कधी एक नाही. रेल्वेत दहा गाड्या निरनिराळ्या उशिरा आल्या तर दोष गाड्यांचा. दहाही गाड्या नेमक्या तेवढ्याच उशिरा आल्या, तर स्टेशनमास्तरने आधी आपलं घड्याळ बघावं.

आणि घड्याळ कुणाचं चुकलं? दोन घड्याळांत भांडण असेल तर तिसरं विचारावं लागतं. ते पंडरीत विचारून झालं होतं. सोनिया आणि ज्ञानदा एका बाजूला, डॉक्टर एकटे दुसऱ्या.

आता राहिला दीड तास. आपल्याहून दीड तास मागे कोण चालतं, हे मला पुस्तकात बघावं लागलं नाही. ओवी ज्या दिवशी मस्कतला गेली, त्या दिवशी डॉक्टरांनी दवाखान्यात सगळ्यांना दोनदा सांगितलं होतं.

उत्तर हातात होतं, पण डॉक्टरांच्या पुढ्यात ते कसं ठेवायचं हे कळत नव्हतं. सत्तरीच्या माणसाला तुमचं घड्याळ चुकलं म्हणणं सोपं. ते मुद्दाम का चुकवलंत हे विचारणं अवघड. गुरुवारी दुपारभर मी शब्द जुळवत बसले. साडेपाचला दाराची घंटा वाजली. ज्ञानदा धापा टाकत उभी होती.

"आजी, गुरुवार गेला!"

"म्हणजे?"

"पुसला कोणी तरी! माझ्या मोबाइलमधून गेला. सोनियादीदीले फोन केला, तिच्यातूनही गेला. आणि डॉक्टर मले शोधून राहिले!"

५

दवाखाना बंद होता, पण डॉक्टर खालीच बसलेले. अंगात इस्त्रीचा निळा शर्ट. ज्ञानदाला बघताच उठले.

"पुसलंस ना शेवटी? मी काय वाकडं केलं होतं तुझं?"

आवाज रागाचा नव्हता. त्यामुळे ज्ञानदा जास्त घाबरली.

"डॉक्टर, बसा," मी म्हटलं. "आधी मले तुमचा मोबाइल त्या भिंतीवरच्या घड्याळाखाली धरून दाखवा."

"कशाला?"

"मी दाखवून राहिली का तुम्ही दाखवता?"

ते हलले नाहीत. भिंतीवर सहाला दहा कमी होते. मी म्हटलं, "तुमच्या मोबाइलमध्ये चार वाजून वीस मिनिटं झाली असतील."

डॉक्टर हळूच खुर्चीत बसले. मोबाइल टेबलावर ठेवला, या वेळी काच वर. ४.२०. ज्ञानदाने एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा मोबाइलकडे.

"भाऊबीजेच्या दिवशी," ते म्हणाले, "मी ओवीला सकाळी सातला फोन केला. सणाचा दिवस म्हणून. तिकडे साडेपाच. तिची लहान पोरगी जागी झाली, रडायला लागली. ओवी म्हणाली, बाबा, तुम्ही इकडच्या वेळेचा विचारच करत नाही. अधेमधे फोन नका करू, गुरुवारी बोलूच." त्यांनी चष्मा काढला. "मग मी मोबाइलचं घड्याळ तिचं करून घेतलं. सेटिंगमध्ये शहरांची यादी असते, त्यातून मस्कत निवडलं. मोबाइल उघडला की कळतं, आता ती ऑफिसातून निघाली असेल, आता पोरीला भरवत असेल. माझ्या कामाला भिंतीवरचं आहे, मनगटावरचं आहे."

"आणि कॅलेंडर?"

"कॅलेंडर म्हणजे डायरी. घड्याळ तिचं, डायरी माझी. त्यांचा काय संबंध?"

हीच ती चूक. डायरीत पाच लिहिलं की पाचच राहणार, शाईसारखं, असं मानणाऱ्या पिढीचीच. मी त्यांना सावकाश सांगितलं. मोबाइलला तुम्ही मस्कतला नेऊन बसवलं. आता त्यात पाच लिहिलं की तो मस्कतचे पाच समजतो, आणि ज्ञानदाच्या मोबाइलला रायपूरचे साडेसहा कळवतो. ज्ञानदाने सात लिहिले की तो तुम्हाला मस्कतचे साडेपाच करून दाखवतो. कुणी खोटं लिहिलं नाही. तुम्ही दोघं दोन गावांत बसून एकाच दवाखान्याचं काम बघत होतात.

डॉक्टर सगळं ऐकत होते, पण ते पेशंटांचा विचार करत नव्हते. त्यांचे ओठ हलत होते; आकडे मोजत होते.

"म्हणजे गुरुवारचे साडेनऊ..."

"तुम्हाले आठ दिसले. ओवीने काहीच बदललं नव्हतं. तिचे आठ म्हणजे आपले साडेनऊच, पहिल्यासारखे."

"मला वाटलं, ज्ञानदाने केलं. नाहीतर ओवीनेच तिच्या सोयीनं अलीकडे घेतलं." त्यांनी भिंतीकडे पाहिलं. "मी आठला व्हिडिओ कॉलच्या त्या लिंकवर जाऊन बसत होतो. घंटा वाजत नाही त्याला, नुसतं जाऊन बसायचं. नऊपर्यंत बसायचो. पडद्यावर माझाच चेहरा. मग झोपायचो."

"आणि साडेनऊला ती येऊन बसत असेल," ज्ञानदा एकदम बोलून गेली.

चार गुरुवार, पडद्यावरच्या एकाच खोलीत, दोघं दीड तासाच्या अंतराने.

"मग आज?" डॉक्टरांनी विचारलं. "आजचं कुणी पुसलं?"

त्यांना ते कळलेलं होतं. तरी त्यांना ते दुसऱ्याच्या तोंडून हवं होतं.

"आज सगळ्यांच्या मोबाइलमधून गेलं, डॉक्टर. म्हणजे अकरा वेळा कोणी काही केलं नव्हतं, बाराव्यांदा खरंच केलं. आणि ती नोंद जिची होती, तिनेच."

६

फोन त्यांनी आमच्यासमोरच लावला. मी ज्ञानदाला बाहेर चल म्हणून खूण केली, तर डॉक्टरांनीच हाताने थांबवलं. एकटं बोलायची त्यांची हिंमत नव्हती.

"बाबा? बरे आहात ना? मी ऑफिसात आहे."

"हो. तुझ्याकडे साडेचार वाजून गेले, मला माहीत आहे." मग एका दमात म्हणाले, "ओवी, मी येत होतो गं. दर गुरुवारी. माझ्या आठला."

सगळं समजावून सांगायला त्यांना पाच मिनिटं लागली आणि त्यातलं निम्मं चुकीचं सांगितलं. मोबाइल टेबलावर होता, तिचा आवाज आम्हाला ऐकू येत होता.

"मी तासभर बसायचे बाबा. चारही वेळा. पोरीला मांडीवर घेऊन. मग मी म्हटलं, भाऊबीजेला मी बोलले ते तुम्ही मनावर घेतलं."

"नाही गं."

"तुम्ही फोन का नाही केला?"

"तूच म्हणालीस, अधेमधे नका करू."

ती हसली असावी. किंवा नाक ओढलं असेल. "बाबा, गुरुवारी आता तिला पोहायच्या क्लासला घातलं आहे. कालच पैसे भरले, म्हणून ते काढून टाकलं. आपण दुसरं काही तरी बघू हं. महिना संपू दे."

"हो, हो. तुझ्या सोयीनं. मी काय, मोकळाच."

फोन ठेवून त्यांनी मोबाइल ज्ञानदाकडे दिला. "याला रायपूरला आण." तिने तीन ठिकाणी बोट लावलं. ४.४६ चे ६.१६ झाले. डॉक्टरांनी ते बदलताना बघितलं आणि मान दुसरीकडे केली.

"ज्ञानदा, माझं चुकलं. उद्या वेळेवर ये."

"हो सर."

शुक्रवारी ती आली, शनिवारीही आली, आणि सोमवारपासून पंडरीत सोनियाच्या शेजारी बसायला लागली. रविवारी सांगायला माझ्याकडे आली होती. मी म्हटलं, "अवं, तुझं नाव तर निर्मळ झालं ना? माफी मागितली त्यांनी."

"मागितली ना आजी. पण चोर म्हटलं तेव्हा बाकावर सात जणं होते. माफी मागितली तेव्हा तुम्हीच होत्या."

मी तिला बसायला एका खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलली.

तर आता शेवटची बेरीज. गौतमला मिळालं: पिंकी खुर्चीवर बसली आणि 'आंटी, नंबर येऊ द्या' एवढं मराठी ती पहिल्या दिवशी शिकली. सोनियाला मिळालं, तेही मागितल्याशिवाय. ओवीने भरले चार तास, लेकीला मांडीवर घेऊन काळ्या पडद्यापुढे. ज्ञानदाने भरली महिनाभराची बोलणी, आणि आता रोज दोन ऑटो बदलून जाते. डॉक्टरांनी सगळ्यांत जास्त भरलं: चार गुरुवार गेलेले, पुढचे कधी येतील ते ठरलेलं नाही, आणि वेळ विचारली की आता ते मोबाइलकडेच बघून सांगतात, बरोबर सांगतात.

माझा या प्रकरणात काही संबंध नव्हता. ज्ञानदा मला 'आजी' म्हणायची, तेवढाच. परवा पंडरीला ज्ञानदाकडे जाऊन यावं, काही निमित्त मिळतं का म्हणून आरशासमोर तोंड उघडून नीट बघितलं. एकही दात दुखत नाही, एकही हलत नाही, एकही किडलेला नाही.